तिकीट काढा, पण हिऱ्यांच्या तराजूचे नको: फिलॅटेलिक सल्लागार समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
फिलॅटेलिक सल्लागार समिती,
टपाल विभाग, डाक भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली

विषय: सर सुलतान महंमद शाह, तिसरे आगाखान यांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्याबाबत

स.न.वि.वि.

२ नोव्हेंबर २०२७ रोजी इस्माइली या मुस्लिम पंथाचे इमाम, म्हणजे धर्मगुरू, असलेल्या तिसऱ्या आगाखानांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी टपाल खात्याने त्यांच्या नावाचे स्मरणार्थ तिकीट काढावे, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र आहे. इतक्या आधी लिहिण्याचे कारण तुम्हाला सांगायला नको. प्रस्ताव, छाननी, मंजुरी, चित्रकार आणि मग छपाई असा तिकिटाचा प्रवास लांबचा, आणि जयंती काही कुणासाठी थांबत नाही. पत्र मराठीत आहे याची मला चिंता वाटत नाही. ज्या खात्याला पिन कोड दिला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतात कविता करणाऱ्या मराठी माणसाने, त्या खात्यात मराठी वाचणारे कुणी ना कुणी भेटेलच.

मी इस्माइली नाही, मुसलमानही नाही. पुण्यात राहतो आणि तिकिटे जमवतो. आगाखानांकडे मी वळलो तो धर्मामुळे वा राजकारणामुळे नव्हे, अल्बममुळे.

१९६४ साल घ्या. १३ फेब्रुवारीला सरोजिनी नायडूंचे तिकीट निघाले. २२ फेब्रुवारीला कस्तुरबांचे. १६ मार्चला डॉ. हाफकिन यांचे. पाच आठवड्यांत तीन तिकिटे, आणि तिन्हींचा एकमेकांशी वरवर काही संबंध नाही. पण सरोजिनीबाई आणि कस्तुरबा १९४२ च्या ऑगस्टपासून ज्या वाड्यात कैदेत होत्या तो पुण्याचा वाडा आगाखानांचा. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करण्यासाठी मुंबईत ज्या बंगल्यात काही काळ प्रयोगशाळा चालवली तो खुश्रू लॉजही आगाखानांचाच. पुढे १९८३ मध्ये महादेवभाई देसाई आणि मीराबेन तिकिटांवर आले. तेही त्याच वाड्यातले बंदी. बहुतेक भाडेकरूंची तिकिटे निघाली, घरमालक तेवढा राहून गेला.

ही केवळ तिकीटवाल्याची गंमत असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण प्लेगचे पान उघडले की ती पोकळी फारच डोळ्यांत येते. १८९७ चे पुणे आणि मुंबई तुमच्या तिकिटांवर जवळजवळ पूर्ण आहे. रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई फुले आहेत, त्यांचे तिकीट १९९८ चे. प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे दामोदर हरि चापेकर आहेत, ते २०१८ चे. त्या वर्षी राजद्रोहाखाली तुरुंगात गेलेले टिळक तर १९५६ पासून आहेत. लस शोधणारे हाफकिन आहेत. सेवा आली, सूड आला, लेखणी आली, विज्ञान आले. ज्याने ते विज्ञान स्वतःच्या दंडावर घेऊन लोकांना पटवले, तो मात्र कुठेच नाही.

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण माझी सगळी मागणी त्यावर उभी आहे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. गिरण्यांतला माणूस कोकणात आणि घाटावर पळाला, आणि रोगही त्याच्यामागून गेला. सरकारने हाती घेतलेले उपाय असे होते की लोकांना रोगापेक्षा सरकारची धास्ती जास्त वाटावी. घरात शिरून तपासणी, बायकामाणसांच्या अंगाला हात, सामानाची होळी, रोग्याला उचलून इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत. पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांनी काय केले ते इथल्या घराघरांत अजून सांगितले जाते. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. इस्पितळात नेऊन माणसाचे तेल काढतात अशी अफवा होती. मार्च १८९८ मध्ये तपासणीवरूनच मुंबईत दंगल पेटली आणि त्यात माणसे मेली.

या वातावरणात हाफकिन लस घेऊन उभे राहिले. ओडेसाचा ज्यू माणूस, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम केलेला, कलकत्त्यात कॉलऱ्याची लस टोचून आलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण शास्त्रज्ञाने स्वतःला टोचून घेतल्याने भेंडीबाजारातल्या बाईला काय वाटणार? सरकारी अधिकाऱ्यांतही हाफकिनबद्दल संशय होताच. एक तर वैद्यकीची पदवी नाही, त्यातून रशियाचा.

तेव्हा आगाखान जेमतेम विशीत होते. वयाच्या आठव्या वर्षी, १८८५ मध्ये, वडील गेल्यावर ते इस्माइलींचे इमाम झाले. मुंबईतल्या खोजा, म्हणजे इथल्या इस्माइलींच्या, वस्तीत त्यांचा शब्द म्हणजे कायदा. हुकूम सोडून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी काय केले ते १९५४ साली आलेल्या आत्मचरित्रात नोंदले आहे. चारचौघांसमक्ष त्यांनी लस टोचून घेतली आणि ती बातमी शक्य तितक्या लवकर शक्य तितक्या दूरवर पोचेल अशी व्यवस्था केली. इमामाने लस घेतली, आणि चार दिवसांनीही इमाम धडधाकट फिरतो आहे, हे लोकांनी पाहिले. मग हजारो खोजांनी टोचून घेतले. हाफकिन यांनी पुढे लशीचा गुण सिद्ध करताना ज्या समाजांची आकडेवारी मांडली त्यांत मुंबईचे खोजे होते. टोचलेले किती दगावले आणि न टोचलेले किती, हा हिशेब जगापुढे ठेवता आला याला कारण तो समाज मोठ्या संख्येने पुढे आला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. खुश्रू लॉज हा बंगला त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिला. ऑगस्ट १८९९ मध्ये सरकारने परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस प्लेगच्या प्रयोगशाळेला दिले. आजची हाफकिन संस्था ती हीच, नाव मात्र १९२५ मध्ये मिळाले. म्हणजे परळच्या आधी सरकारने जे करायला हवे होते ते एका विशीतल्या धर्मगुरूने आपल्या खर्चाने निभावले. हाफकिन यांचे पुढे काय झाले तेही विसरू नये. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने गेले आणि सगळा ठपका त्यांच्यावर आला. निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. अशा माणसाच्या मागे, तो वादग्रस्त असताना, कोण उभे राहिले याला माझ्या लेखी किंमत आहे.

करोनाच्या काळात लशीच्या रांगा, लशीच्या अफवा आणि अफवा पसरवणारे सुशिक्षित आपण सगळ्यांनी पाहिले. तेव्हा १८९७ चा हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात असायला हवा होता. तिथे नाही, तर निदान पाच रुपयांच्या तिकिटावर असू द्या.

आता वाड्याविषयी. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस १८९२ चा. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून तो बांधला, हजारभर माणसांना त्यावर रोजगार मिळाला, असे सांगितले जाते. इथे मी थोडा हात आखडता घेतो. १८९२ मध्ये आगाखान पंधरा वर्षांचे होते. कारभार आई आणि वडीलधाऱ्यांच्या हाती होता, तेव्हा त्या वाड्याचे सगळे पुण्य एकट्या त्यांच्या खात्यावर मांडणे बरे नव्हे. शिवाय दुष्काळी काम म्हणून बांधलेला राजवाडा शेवटी राजवाडाच असतो. धरण नाही की विहीर नाही. आपल्या संस्थानिकांनी दुष्काळाच्या नावावर काय काय बांधले याची यादी केली तर गंमत होईल. ते जाऊ द्या. या वाड्याला अर्थ आला तो पुढे. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना इथे आणले. सहा दिवसांत महादेवभाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले तेव्हा दोन समाध्या मागे ठेवून गेले. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी हा वाडा भारताला देऊन टाकला. पुण्यातल्या जमिनीचा भाव माहीत असलेल्या कुणालाही हे वाक्य दोनदा वाचावेसे वाटेल.

रोज शाळांच्या सहली तिथे येतात. मुले समाधीपाशी उभी राहतात, चरखा पाहतात, फोटो काढतात. आगाखान कोण, असे त्यांतल्या एखाद्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळते, "कुणीतरी मुघल."

पुण्याशी त्यांचा आणखी एक धागा आहे आणि तो तर आमच्याकडच्या इतिहासप्रेमींनाही फारसा माहीत नसतो. आगाखान १९०२ ते १९०४ या काळात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात होते, गोखलेही तिथेच. दोघांचे सूत जुळले ते शिक्षणावरून. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक १९११ मध्ये आले तेव्हा आगाखानांचा त्याला पाठिंबा होता. मोठमोठे जमीनदार आणि संस्थानिक त्या विधेयकाला नाके मुरडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाठिंब्याचे वजन कळते. फेब्रुवारी १९१५ मध्ये, मृत्यूच्या अगदी तोंडावर, गोखल्यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या सांगण्यावरून राजकीय सुधारणांचा मसुदा लिहिला. त्याच्या प्रती ज्या मोजक्या लोकांसाठी होत्या त्यांत फिरोजशहा मेहता होते आणि आगाखान होते. ऑगस्ट १९१७ मध्ये तो लंडनमध्ये प्रसिद्ध केला तो आगाखानांनीच. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या संस्थापकाचे राजकीय मृत्युपत्र मुस्लिम लीगच्या माजी अध्यक्षाने जगापुढे आणावे, यातले वैचित्र्य मला तरी फार आवडते.

शिक्षणाचा हा ध्यास भाषणापुरता नव्हता. अलीगढच्या कॉलेजाचे विद्यापीठ व्हावे म्हणून त्यांनी देशभर हिंडून पैसा गोळा केला, आणि १९२० मध्ये ते विद्यापीठ झाले. त्याच्या शताब्दीचे तिकीट तुम्ही डिसेंबर २०२० मध्ये काढले, पंतप्रधानांच्या हस्ते. आपल्या अनुयायांना ते वर्षानुवर्षे सांगत आले की मुलगा आणि मुलगी यांपैकी एकालाच शिकवणे परवडणार असेल तर मुलीला शिकवा. धोंडो केशव कर्वे, ज्यांचे तिकीट तुम्ही १९५८ मध्ये ते हयात असताना काढले, त्यांनी हिंगण्याच्या माळावर जे केले त्याच दिशेचे हे बोलणे आहे. फरक इतकाच की कर्व्यांना स्वतःच्या समाजाशी झगडून करावे लागले आणि आगाखानांना समाजाने ऐकायचीच सवय होती. गिलगिटपासून झांझिबारपर्यंतच्या इस्माइली मुली त्या काळात शाळेत गेल्या त्या या सवयीमुळे.

इथवर वाचून समितीतल्या कुणीतरी घसा खाकरला असेल. खाकरा, मी वाट पाहत होतो.

होय, १ ऑक्टोबर १९०६ रोजी सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोकडे गेलेल्या शिष्टमंडळाचे नेते आगाखान होते आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ ही त्यांची मागणी होती. होय, त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुस्लिम लीगचे अध्यक्षपद त्यांनी १९१३ पर्यंत सांभाळले. ब्रिटिशांशी ते शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिले. पहिल्या महायुद्धात तुर्की खलिफाच्या विरोधात मुसलमानांना इंग्रजांच्या बाजूला ठेवण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले आणि बदल्यात तोफांच्या सलामीचा मान घेतला. १९३७ मध्ये ते राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्ष झाले, हा मान मोठाच. पण त्याच वर्षी ते हिटलरलाही भेटून आले आणि पुढच्या वर्षी म्युनिकच्या करारावर त्यांनी समाधान व्यक्त केले. स्वतंत्र मतदारसंघाने या देशाचे नुकसान केले असे माझे मत आहे आणि ते या पत्रासाठी मी बदललेले नाही.

पण मग कसोटी सगळ्यांना सारखी लावा. स्वतंत्र मतदारसंघ १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसने मान्य केले, आणि त्या करारामागे टिळक खंबीरपणे उभे होते. टिळकांचे तिकीट आपण परत घेतलेले नाही, घेऊही नये. सर सय्यद अहमद खान १९७३ मध्ये तिकिटावर आले. आणि इक्बाल? १९३० च्या डिसेंबरमध्ये अलाहाबादला लीगच्याच व्यासपीठावरून वायव्य भारतातल्या मुस्लिम राज्याची कल्पना मांडणारे इक्बाल. त्यांचे तिकीट भारताच्या टपाल खात्याने १९८८ मध्ये काढले. ते काढले याचा मला आनंद आहे, कवी मोठाच होता. पण इक्बाल चालतात आणि आगाखान चालत नाहीत असे म्हणायचे तर त्याला कारण द्यावे लागेल, आणि मला ते सुचत नाही. पाकिस्तानने १९७७ मध्ये आगाखानांच्या जन्मशताब्दीला तिकीट काढले म्हणून ते पाकिस्तानचे, असे कुणी म्हणेल. कराचीत जन्मलेला, मुंबई-पुण्यात वाढलेला, स्वित्झर्लंडमध्ये मरण पावलेला आणि इजिप्तमध्ये आस्वानला पुरलेला माणूस कुणा एका देशाचा कसा ठरवायचा? शताब्दीला आपण गप्प राहिलो, म्हणून दीडशेव्या वर्षीही गप्पच राहायचे का?

धर्मगुरूचे तिकीट सेक्युलर सरकारने का काढावे, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर तुमच्याच कॅटलॉगमध्ये आहे. संत, स्वामी, महंत, ख्रिस्ती फादर, सगळे तिथे आहेत. अजमेरचा दर्गा १९८९ मध्ये आला, बरेलीचे आला हजरत १९९५ मध्ये. या प्रश्नाची दुसरी बाजू मुसलमानांच्या आतली आहे. इस्माइली पंथ लहान, अनेक सुन्नी आलिमांना, म्हणजे धर्मपंडितांना, त्यांचा इमाम मान्य नाही. तुमच्याकडे त्या बाजूनेही एखादे पत्र येईल. तिकीट म्हणजे फतवा नव्हे आणि सनदही नव्हे, हे दोन्ही बाजूंना नम्रपणे कळवावे.

नातवाचे आधी काढा, असाही एक सूर निघेल. चौथे आगाखान फेब्रुवारी २०२५ मध्ये लिस्बनला वारले. २०१५ मध्ये भारताने त्यांना पद्मविभूषण दिले होते. दिल्लीत हुमायूनच्या कबरीच्या बागा आणि 'सुंदर नर्सरी' हे उद्यान आज जसे दिसते त्यामागे त्यांच्या संस्थेचे काम आहे. त्यांचे तिकीट निघेल आणि निघावे. पण त्यांना काळ अनुकूल होता. माझा जीव गुंतला आहे तो काळ प्रतिकूल असताना बाही वर करणाऱ्या त्या पोरसवदा इमामात.

समाजाने 'माय स्टॅम्प' योजनेतून स्वतःच छापून घ्यावे, असे कुणी सुचवू नये ही विनंती. २०११ पासूनची ती योजना चांगलीच आहे, लग्नाला, वाढदिवसाला, संस्थेच्या वर्धापनदिनाला. पैसे भरा, चित्र द्या, तिकिटाशेजारच्या कोऱ्या जागेत ते छापून मिळते. पण तिच्यातला गोंधळ तुम्हाला ठाऊक आहे. २०२० मध्ये कानपुरात याच योजनेखाली दोन कुख्यात गुंडांच्या चित्रांची तिकिटे छापून बाहेर पडली होती. आजकाल कोणत्याही बुवांच्या मठात जा, भिंतीवर चौकटीत 'भारत सरकारने काढलेले तिकीट' असते आणि जवळ जाऊन पाहावे तर ते माय स्टॅम्प नाहीतर एखादे विशेष पाकीट असते. इस्माइली समाजाकडे पैसा आहे, हजार शीट ते उद्या छापून घेतील. त्याने माझे समाधान होणार नाही, कारण मला हे तिकीट समाजाकडून नको, देशाकडून हवे आहे.

आता चित्राविषयी. या मागणीचा माझ्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग.

तुमचा चित्रकार संदर्भ शोधू लागेल तेव्हा त्याच्या हाती पहिले छायाचित्र कोणते लागेल ते मी आत्ताच सांगतो. १० मार्च १९४६, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम. इमामपदाच्या हीरक महोत्सवात चष्मा लावलेले, भरभक्कम देहाचे आगाखान तराजूच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला हिरे. त्याच्या दहा वर्षे आधी, १९३६ मध्ये, मुंबईतच सोन्याने तुला झाली होती. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी हे फोटो जगभर छापले आणि आगाखान म्हणजे हिऱ्यांनी तोलला जाणारा माणूस हे समीकरण कायमचे झाले. दुसरे छायाचित्र घोड्यांसोबतचे निघेल. इंग्लंडची डर्बी त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा जिंकली, १९३० च्या ब्लेनहाइमपासून १९५२ च्या तुल्यारपर्यंत. पुण्यामुंबईच्या रेसकोर्सवाल्यांना ही नावे अजून पाठ असतील.

ही दोन्ही चित्रे कृपा करून घेऊ नका. तुलेचा पैसा शाळा, दवाखाने, कर्ज देणाऱ्या संस्था यांच्याकडे वळवला गेला, हे खरे आहे आणि तिकिटासोबतच्या माहितीपत्रकात लिहायलाच हवे. आपल्याकडे शिवाजी महाराजांपासून तुलादान माहीत आहे, त्यामुळे मराठी वाचकाला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. पण एवढ्याशा चौकोनात हिशेब दिसत नाही, हिरे तेवढे दिसतात. १९४६ च्या मुंबईत, रेशनच्या रांगा लागत असताना, ते हिरे डोळ्यांना खुपले असणार. अजूनही खुपतात.

त्याऐवजी दोन तिकिटांची जोडी काढा, सलग छापलेली. डाव्या तिकिटावर १८९७ चा तरुण आगाखान, बाही वर सरकवलेली, शेजारी त्या काळची काचेची पिचकारी घेतलेला डॉक्टर, मागे बघ्यांची दाटी. छायाचित्रावर अवलंबून न राहता चांगल्या चित्रकाराकडून हे काढून घ्या. उजव्या तिकिटावर पुण्याच्या वाड्याच्या कमानी, आणि कमानींच्या पुढे, ओझरत्या, समाध्या. फर्स्ट डे कव्हरवर, म्हणजे प्रकाशनाच्या दिवशीच्या पाकिटावर, खुश्रू लॉज. शिक्क्यावर मुकुट, राजचिन्हे, घोडे नकोत. 'हिज हायनेस' हा किताब तिकिटावर नसला तरी चालेल, ती इंग्रजांची देणगी.

माहितीपत्रकाकडेही लक्ष द्या. तुमच्या माहितीपत्रकांत माणूस जन्मतो, शिकतो, सद्गुणी राहतो आणि वारतो. या वेळी सिमल्याचे शिष्टमंडळ आणि लीगचे अध्यक्षपद सरळ एका परिच्छेदात लिहा. लपवले तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे ते काढतील, आणि मग खाते खुलासे करत बसेल. हिंदी आणि इंग्रजीसोबत मराठी मजकूर द्या, गुजरातीही द्या. खोजांची जुनी घरे त्या भाषेत बोलतात.

प्रकाशन पुण्याच्या वाड्यात करावे असे सगळे म्हणतील. मी पुणेकर असूनही परळ सुचवतो. हाफकिन संस्थेच्या आवारात, लस बनवणाऱ्या आणि टोचणाऱ्या लोकांसमोर ते व्हावे. मंचावर धर्मगुरू एखादाच असावा आणि परिचारिका पुष्कळ. पुण्याला त्याच दिवशी एक विशेष पाकीट मिळाले तरी आमचे भागेल.

छापाल तेव्हा जरा सढळ हाताने छापा. स्मरणार्थ तिकिटे हल्ली फिलॅटेलिक ब्युरोत येतात आणि आम्हा संग्राहकांच्या अल्बममध्ये निपचित पडतात. पाकिटावर चिकटून गावोगाव फिरणारे स्मरणार्थ तिकीट पाहिल्याला जमाना झाला. रजिस्टर पोस्टही १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले, काउंटरवर तिकिटाऐवजी छापील पट्टीच डकवली जाते. माझ्या भागातल्या एका पोस्टात मी नवे तिकीट मागितले तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी विचारले, "काका, बारकोड लावते की, तिकीट कशाला?" त्यांचे चुकत नाही, त्यांच्यामागे रांग होती. पण हे तिकीट तरी पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक इथल्या साध्या पोस्टांत पोचवा आणि आरोग्य खात्याच्या टपालावर ते आवर्जून लावायला सांगा. लसीकरणाच्या पत्रावर हे तिकीट लागलेले मला बघायचे आहे.

प्रस्तावाचा रीतसर अर्ज, आगाखानांच्या आत्मचरित्रातली प्लेगसंबंधीची पाने आणि हाफकिन यांच्या अहवालातला उतारा स्वतंत्र पाकिटाने पाठवत आहे. समितीने हा प्रस्ताव फेटाळला तर कारण लेखी कळवावे. 'विचारात घेता आला नाही' असे ठोकळेबाज वाक्य नको. लीगमुळे फेटाळला असेल तर तसे लिहा, पंथामुळे असेल तर तसे लिहा, म्हणजे पुढचे पत्र कशाबद्दल लिहायचे ते मला कळेल.

आपला,
पुण्यातील एक तिकीट संग्राहक